मोटार थांबवावी कोठें ?

मोटार चालूं कशी करावी हें शिकविणारे पुष्कळ भेटतात. पण ती घरीं आणल्यावर नेमकी कोठें थांबवावी, हें शिकविणारा क्वचित् भेटतो. रस्त्यावर कित्येक कोस सुखरूप आलेली गाडी घरच्या शेवटच्या दोन हातांत भिंतीवर आदळते, ही गोष्ट प्रथम ऐकतांना हंसूं येण्यासारखी आहे. परंतु त्या दोन हातांत नेहमीं भिंतच असेल असें नाहीं. एखादें लेंकरूंहि असूं शकेल. म्हणून हा क्षुल्लक दिसणारा विषय आम्हीं मुद्दाम निवडला आहे. ज्यांच्या घरीं मोटार नाहीं त्यांनींहि हा लेख वगळूं नये. यांतील गणित शाळेच्या पुस्तकांतलेंच आहे. आणि यांतील धोका गाडींत बसणारापेक्षां बाहेर उभ्या असणारालाच अधिक आहे.

आपल्या भागाकडे पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. अद्यापहि तेथें पत्ता सांगतांना ‘कँप नंबर अमुक’ असेंच म्हणतात. त्या बराकी माणसांकरितां होत्या. दारोदार मोटार उभी राहील हें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. अंबरनाथ व बदलापूर येथेंहि अंगणाच्या बैठ्या घरांच्या जागीं आतां खांबांवर उभारलेल्या उंच इमारती आल्या असून त्यांच्या पोटांत, खांबाखांबांच्या मध्यें, मोटारी उभ्या राहतात. पावसाळ्याचे चार महिने मुलांस खेळावयास कोरडी जागा उरते ती हीच. अर्थात् जेथें मोटार शिरते तेथेंच मूल खेळतें. आणि हाच आपल्या विषयाचा खरा गाभा आहे.

येथें आमचीच एक चूक सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. बदलापुरास आमच्या घरामागें एक लहानसें गॅरेज आहे. श्रावणांतील एका सायंकाळीं आम्हीं मोटार नेहमींप्रमाणें आंत घातली. भिंत अजून हातभर दूर आहे असा आमचा अंदाज होता. एवढ्यांत धाडकन् आवाज झाला, समोरची फळी खालीं आली, आणि तिच्यावरील लोणच्याच्या बरण्या फुटून सर्वत्र मोहरीचा वास पसरला. उतरून पाहतों तों भिंत आणि मोटार यांच्यामध्यें आमच्या पुतणीची तीनचाकी सायकल चेपून गेलेली ! ती चार वर्षांची पोर दोन मिनिटांपूर्वीं सायकल घेण्यास तेथेंच उभी होती. आजीनें दुधाला हांक मारली, म्हणून ती घरांत गेली, इतकेंच. त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “भिंत दिसली नाहीं असें म्हणूं नकोस. तूं पाहिलीच नाहींस, अंदाज केलास.”

त्या शब्दांनीं आम्हांस विचार करावयास लाविलें. इतक्या वर्षांच्या संवयीनंतरहि अंदाज चुकला कां ? शोध घेतां त्याचीं तीन कारणें आढळलीं.

पहिलें कारण असें कीं, चालकाला आपल्या मोटारीपुढची जमीन दिसतच नाहीं. समजा, बसलेल्या चालकाचा डोळा जमिनीपासून १२० सेंटिमीटर उंच आहे. मोटारीच्या नाकाची वरची कड जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच असून ती डोळ्यापासून १६० सेंटिमीटर पुढें आहे. डोळ्यापासून त्या कडेला स्पर्श करणारी सरळ रेषा काढा व ती जमिनीस भिडेपर्यंत वाढवा. १६० सेंटिमीटर पुढें जातांना ती रेषा ४० सेंटिमीटर खालीं उतरते. तर १२० सेंटिमीटर उतरण्यास तिला तिप्पट अंतर, म्हणजे ४८० सेंटिमीटर, पुढें जावें लागेल. समरूप त्रिकोणांचा हा साधा नियम आहे. ४८० मधून १६० वजा केले कीं ३२० उरतात. म्हणजे मोटारीच्या नाकापुढील ३ मीटर २० सेंटिमीटर जमीन चालकाच्या दृष्टीआड आहे ! नाकास लागून उभें असलेलें ८० सेंटिमीटरहून ठेंगणें मूल त्यास मुळींच दिसणार नाहीं. तीनचाकी सायकल कोठून दिसावी ? आणि गाडीच्या मागें हें अंधक्षेत्र बहुधा याहूनहि मोठें असतें.

दुसरें कारण उजेडाचें. अंबरनाथचें शिवमंदिर आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचें, शिलाहारांच्या काळचें तें मंदिर. त्याचा गाभारा सभामंडपाहून खोल असून पायऱ्या उतरून आंत जावें लागतें. भर दुपारच्या उन्हांतून आलेला मनुष्य त्या पायऱ्यांवर क्षणभर थबकतो, पाय चाचपून टाकतो. कारण डोळ्याची बाहुली रुंदावून अंधारास सरावण्यास वेळ लागतो. पायीं चालणारा येथें आपोआप सावध होतो. पण तोच मनुष्य मोटारींत बसून उन्हांतून काळोख्या गॅरेजांत शिरतो तेव्हां थबकत नाहीं. आणि ज्या दोन-चार क्षणांत डोळा जवळजवळ आंधळा असतो, नेमक्या त्याच क्षणीं तो अंतराचा अंदाज बांधतो.

तिसरें कारण पायाचें. ‘थांब’ असें मनांत आल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सुमारें एक सेकंद जातो असें धरूं. ताशीं ५ किलोमीटर म्हणजे पायीं चालण्याचा वेग. पण त्या वेगानेंहि गाडी एका सेकंदांत सुमारें १ मीटर ४० सेंटिमीटर जाते. भिंतीपुढें अर्धा मीटर जागा सोडावयाची आणि विचार करण्यांतच तिच्या जवळजवळ तिप्पट अंतर तोडावयाचें, असा हा व्यवहार आहे !

याला ब्रेक लागल्यानंतरच्या अंतराची जोड द्यावी लागते. तें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. कोरड्या जमिनीवर ब्रेकमुळें वेग दर सेकंदास ५ मीटर या मानानें घटतो असें समजलें, तर ताशीं ५ किलोमीटर वेगाला सुमारें १९ सेंटिमीटर, १० ला ७७ सेंटिमीटर, २० ला ३ मीटरहून थोडें अधिक, आणि ४० ला १२ मीटरांहून अधिक अंतर लागतें. वेग दुप्पट केला कीं अंतर चौपट होतें. ओल्या, शेवाळलेल्या उतारावर तें आणखी वाढतें. यावरून गॅरेजांत शिरण्याचा नियम ठरतो : वेग रांगत्या मुलाचा असावा आणि पाय आधींच ब्रेकवर असावा. ब्रेक शोधावा लागतां कामा नये. घाईंत ब्रेकऐवजीं वेगाचें पायदान दाबलें जाऊन अनर्थ घडल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

आतां उपाय पाहूं. अंदाज चुकतो, तर त्याच्या जागीं खूण आणावी. ही युक्ति नवी नाहीं. आपण ती रोज पाहतों, पण ओळखत नाहीं. अंबरनाथ किंवा बदलापूर स्थानकाच्या फलाटावर जा. स्त्रियांचा डबा, पहिल्या वर्गाचा डबा कोठें येणार हें दाखविणारे रंगीत तिरपे पट्टे तेथें रंगविलेले असतात, आणि सकाळीं गर्दी त्या पट्ट्यांपाशींच उभी असते. सुमारें अडीचशें मीटर लांबीची बारा डब्यांची गाडी येते आणि तो डबा त्या पट्ट्यासमोर उभा राहतो. हें कसें घडतें ? मोटरमन गर्दीकडे पाहून अंदाज करीत नाहीं. त्याच्यासाठीं फलाटाच्या टोकाशीं पाटी लावलेली असते. बारा डब्यांच्या गाडीची पाटी निराळी, पंधरा डब्यांच्या गाडीची निराळी. आपल्या गाडीच्या लांबीची पाटी आली कीं त्यानें थांबावयाचें. हजारों माणसांची सकाळ त्या लहानशा पाटीवर अवलंबून असते.

खूण चुकली तर काय होतें याचींहि उदाहरणें आहेत. २८ जून २०१५ रोजीं मुंबईस चर्चगेट स्थानकांत एक लोकल वेळीं न थांबतां रुळांच्या शेवटचा अडसर ओलांडून फलाटावर चढली व कांहीं माणसें जखमी झालीं. त्याहून प्रसिद्ध गोष्ट पॅरिसची. २२ ऑक्टोबर १८९५ रोजीं तेथील माँपार्नास स्थानकांत उशीर भरून काढण्यासाठीं वेगानें आलेली एक गाडी थांबूं शकली नाहीं. तिचें इंजिन अडसर, फलाट आणि भिंत फोडून खालच्या रस्त्यावर कोसळलें. रस्त्यावर वृत्तपत्रें विकीत असलेली एक स्त्री त्यांत मरण पावली. गाडींत नसलेल्या, गाडीशीं कांहींएक संबंध नसलेल्या व्यक्तीस त्या उशिराची किंमत द्यावी लागली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याच लोहमार्गावर, कर्जतच्या पुढें बोरघाटांत, थांबण्याची परीक्षा घेण्याची एक सुंदर व्यवस्था आहे. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या घाटांत ३७ फुटांस १ फूट असा तीव्र चढ आहे. वरून उतरणारी गाडी आटोक्याबाहेर गेली तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढावर नेणारे फांटे तेथें ठेविले आहेत. उतरणाऱ्या गाडीनें ठराविक ठिकाणीं आधीं थांबून दाखवावयाचें; ती ताब्यांत आहे अशी खात्री पटली म्हणजेच तिला पुढचा मार्ग मिळावयाचा. पुढें जाण्याचा अधिकार थांबतां येणारालाच, असा हा न्याय आहे.

हीच रीत आम्हीं आपल्या गॅरेजास लावली. तिचें गणित विद्यार्थ्यांनीं वहींत करून पाहावें. आमच्या गॅरेजाची आंतील लांबी ५ मीटर ५० सेंटिमीटर. मोटारीची लांबी ३ मीटर ९० सेंटिमीटर. (ठराविक आकाराचें इंजिन असलेल्या व चार मीटरांच्या आंतील मोटारींवरील कर भारतांत २००६ सालीं कमी करण्यांत आला, तेव्हांपासून चार मीटरांस किंचित् कमी लांबीच्या गाड्या आपल्याकडे फार झाल्या.) उरली जागा १ मीटर ६० सेंटिमीटर. त्यांतील ५० सेंटिमीटर पुढें, म्हणजे भिंतीकडे, आणि १ मीटर १० सेंटिमीटर मागें, सामान काढण्यास व शटर ओढण्यास, ठेवावयाचें ठरविलें.

पुढील चाकाचा मध्य मोटारीच्या नाकापासून ८० सेंटिमीटर मागें आहे. म्हणून मोटार योग्य जागीं उभी असतां तो मध्य भिंतीपासून १३० सेंटिमीटर असला पाहिजे. चाकाला अडविण्यासाठीं १० सेंटिमीटर उंचीचा लांकडी ठोकळा घ्यावयाचा. तो कोठें बसवावा ? बरोबर १३० वर बसविला तर चूक होईल. कारण चाक गोल असल्यानें त्याचा मध्य ठोकळ्यावर येण्यापूर्वींच त्याचा पुढचा भाग ठोकळ्याच्या वरच्या कडेस भिडतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. ठोकळ्याची कड चाकाच्या मध्यापेक्षां २० सेंटिमीटर खालीं. म्हणजे ३० हा कर्ण व २० ही एक भुजा असलेला काटकोन त्रिकोण झाला. दुसऱ्या भुजेचा वर्ग ९०० उणें ४००, म्हणजे ५००. आणि तिची लांबी सुमारें २२ सेंटिमीटर. तेव्हां ठोकळ्याची दाराकडील कड भिंतीपासून १३० उणें २२, म्हणजे १०८ सेंटिमीटरांवर आली पाहिजे. पायथागोरसचा सिद्धान्त परीक्षेनंतर कोठें उपयोगी पडतो, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यास हें उत्तर पुरे व्हावें.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारांतून आम्हीं जाड लांकडाचा एक तुकडा आणविला व तो बोल्टांनीं जमिनीस घट्ट बसविला. कारण नुसता ठेवलेला ठोकळा चाकाबरोबर सरकतो. बसविण्यापूर्वीं खडूनें खूण करून गाडी दोनदां आंतबाहेर घेऊन पाहिली. टायर थोडा दबतो, म्हणून कागदावरील हिशेब जमिनीवर पडताळावाच लागतो. मोटारीच्या पोटाखालील मोकळी जागा ठोकळ्याच्या उंचीहून पुरेशी अधिक आहे ना, हेंहि आधीं मोजावें; नाहीं तर चाकाऐवजीं नाकच ठोकळ्यावर आदळेल.

दुसरी खूण डोळ्यांकरितां. मोटार योग्य जागीं उभी केली आणि छतापासून दोरीनें एक हलका चेंडू असा सोडला कीं, तो चालकासमोरच्या कांचेस नुसता टेकावा. पुढल्या वेळीं चेंडू कांचेस टेकला कीं थांबावयाचें. भिंत दूर व झांकलेली असते. चेंडू जवळ व उघडा असतो. त्यामुळें येथें अंतराचा अंदाज करावयाचा नसतो. स्पर्श झाला कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें असतें. चेंडूनें सांगावें आणि ठोकळ्यानें साक्ष द्यावी. ठोकळ्यालाच ब्रेक समजून त्यावर गाडी आदळविणें मात्र वेडेपणाचें होय. शिवाय ही खूण एकाच मोटारीची आहे. पाहुण्यांची लांब गाडी आली तर आमचा चेंडू त्यांना खोटेंच सांगेल. बारा डब्यांची पाटी पंधरा डब्यांच्या गाडीस चालत नाहीं, तसेंच हें.

आजकालच्या मोटारींत मागील अडथळा ओळखणारें यंत्र असतें. भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस तें सक्तीचें झालें आहे. तें आपल्या कानास न ऐकूं येणारा ध्वनि सोडतें व त्याचा प्रतिध्वनि येण्यास लागणारा वेळ मोजतें. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. एक मीटरावरील भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास त्यास सेकंदाचा सुमारें एकशेसत्तरावा भाग पुरतो. यंत्र उपयुक्त आहे. पण बारीक, मऊ किंवा अगदीं जमिनीलगतची वस्तु त्याच्याकडून निसटूं शकते, आणि कांचेवर चिखल उडाला तर कॅमेराहि आंधळा होतो. अमेरिकेंत २००२ सालीं एका डॉक्टर पित्याकडून घराच्या वाटेवरच गाडी मागें घेतांना त्याचें दोन वर्षांचें बालक चाकाखालीं आलें. पिता बेफिकीर नव्हता. त्यास मूल दिसलें नाहीं. त्या बालकाच्या नांवानें २००८ सालीं तेथें कायदा झाला, आणि मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा आवश्यक ठरला. अशा पित्याच्या दुःखापुढें आमच्या फुटक्या बरण्यांची कथा ती काय !

यास्तव पालकांस आमची विनंति अशी : गाडी हलविण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक पायीं फेरी घालावी. मुलें कोठें आहेत हें केवळ ‘आंत असतील’ म्हणून न सोडतां डोळ्यांनीं पाहावें. उन्हांतून आंत शिरतांना दारांत एक क्षण पूर्ण थांबावें व दिवे लावावे. मनांत शंका आली तर उतरून पाहावें. उतरण्यानें कोणाचा मान कमी होत नाहीं. गाडी थांबतांच इंजिनहि बंद करावें; बंद जागेंत धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो, आणि त्यास रंग वा वास नसल्यानें तो कळूनहि येत नाहीं. विद्यार्थ्यांनीं एवढेंच करावें : चालत्या इंजिनाच्या मोटारीपुढें किंवा मागें चेंडू आणण्यास जाऊं नये, चालकाचा चेहरा आपणांस दिसत नसेल तर आपणहि त्यास दिसत नाहीं असें समजावें, आणि धाकट्या भावंडांचा हात धरावा.

आमच्या गॅरेजांतील तो चेंडू आमच्या पुतणीचा आहे. दोरी बांधतांना तिनें तो आपण होऊन आणून दिला. आतां मोटार आली कीं ती ओट्याच्या पायरीवर आजीजवळ उभी राहते. इंजिन बंद झालें, आम्ही खालीं उतरलों, म्हणजे ती मोठ्यानें म्हणते, “थांबली !” आणि मगच पायरी उतरते.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. चालकाचा डोळा जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच, गाडीच्या नाकाची कड १०० सेंटिमीटर उंच व डोळ्यापासून १५० सेंटिमीटर पुढें असेल, तर नाकापुढें किती जमीन दिसणार नाहीं ?

२. चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर व ठोकळ्याची उंची ८ सेंटिमीटर असल्यास, चाक ठोकळ्यास भिडतें तेव्हां त्याचा मध्य ठोकळ्याच्या कडेपासून आडव्या दिशेनें किती दूर असेल ?

३. आपल्या इमारतीखालीं मोटारी जेथें उभ्या राहतात ती जागा वडील माणसांबरोबर मोजा व तिचा नकाशा काढा. मुलें कोठें खेळतात तेंहि त्यांत दाखवा, आणि नकाशा घरांतील चालकास द्या.